डावा तळहात

"मुद्देमाल असा मागितला आणि मिळाला, असं नसतंय मावशी. कोर्टाचा हुकूम घेऊन या, मग बघू," असं म्हणून हवालदाराने बिस्कीट चहात बुडवलं.

"मुद्देमाल कुणाला म्हनतोस रं?" बयाबाई कडाडली. "द्येव हाय तिचा त्यो! तुझ्या देव्हाऱ्यातला जोतिबा कुनी उचलून न्हेला आनि त्याला मुद्देमाल म्हटलं, तर चालंल व्हय तुला?"

बिस्कीट तुटून चहात पडलं. हवालदार ते बोटाने शोधत राहिला. एरवी कुणालाही हसू आलं असतं, पण बयाबाईच्या मागे उभ्या असलेल्या महादेवीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिचा डावा हात छातीपाशी जात होता, पदराखाली चाचपत होता, तिथे काही नाही म्हटल्यावर खाली येत होता आणि लगेच परत वर जात होता. जामिनावर सुटून आल्यापासून हा हात असाच भिरभिरत होता. तिने त्याला दुसऱ्या हाताने दाबून धरलं, कमरेला खोचून पाहिलं, पण तो काही तिचं ऐकेना.

त्या हाताला हवं होतं तिचं इष्टलिंग. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की अय्या, म्हणजे त्यांचे गुरू, येऊन त्याच्या गळ्यात ते बांधतात. काळ्या लेपातला एक गुळगुळीत गोटा, तो चांदीच्या डबीत, आणि डबी दोऱ्याने गळ्यात. महादेवीच्या माणसांत ते एकदा अंगावर चढलं की मातीत जाईपर्यंत उतरत नसे. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पूजा करायची, मग तोंडात घास. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही, नवऱ्याच्यासुद्धा नाही. आणि माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात, तेव्हाही ते त्याच्या डाव्या तळहातावरच असतं. नवरा चन्नाप्पा गेला तेव्हा महादेवीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिला एकच घोर लागला होता. आपण अशाच गेलो, तर आपल्या हातावर काय ठेवतील?

"चल गं," बयाबाईने तिचा दंड धरला. "उद्या परत येऊ. परवा येऊ. ह्येंचा चहा संपूस्तवर येत ऱ्हाऊ."

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना महादेवीचा हात पुन्हा वर गेला.

हे सगळं सुरू झालं त्या संध्याकाळी ती गिरणीत होती. पिठाची गिरणी, कसबा बावड्यात, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. चन्नाप्पाच्या मागे तिनेच ती चालवली, आणि अशी चालवली की नव्या वसाहतीतली चकचकीत गिरणी ओलांडून बायका तिच्याकडे डबे आणायच्या. ज्वारी कुणाला किती बारीक लागते, कुणाच्या घरात दात नसलेलं म्हातारं आहे, हे तिला डब्याचं झाकण बघून आठवायचं. भुवया आणि पापण्या कायम पांढऱ्या. शेजारची बयाबाई तिला चिडवायची, "तू म्हातारी झालीस तरी कुनाला कळायचं न्हाई बघ."

मुलगा श्रीशैल आधी तिच्या हाताखाली होता. मग त्याला पिठाचा कंटाळा आला. तो भाड्याची गाडी चालवायला लागला. नवे बूट आले, महागडा मोबाइल आला, तो रात्री-अपरात्री वाजायला लागला, घरात पाय टिकेना. "भाडी चांगली मिळाल्यात अव्वा," तो म्हणायचा आणि ती मान डोलवायची. खोलात शिरायची तिला भीती वाटत होती, हे खरं. भीती वाटली की माणूस गिरणीचा पट्टा जरा जास्तच तेल लावून पुसतो.

त्या दिवसांत जिल्ह्यात नशेविरुद्ध मोहीम जोरात होती. शाळांच्या भिंतींवर घोषणा, चौकाचौकात फलक, पेपरात रोज पकडलेल्या पोरांचे फोटो, तोंडावर काळी फडकी. मोहीम वाईट होती असं कुणी म्हणणार नाही. त्या पांढऱ्या भुकटीने गल्लीतली धडधाकट पोरं आतून पोखरून टाकली होती. बयाबाईच्या दिराचा नातू त्यातच गेला होता. पण मोहिमेला रोज कुणीतरी पकडलेलं लागायचं. पोरगा पळून जातो, आई मात्र चूल सोडून जाणार कुठे? तेवढी अक्कल पोलीस पथकाला होती.

दिवेलागणीला जीप आली. चौघे पुरुष आणि एक महिला शिपाई, संयोगिता. बाईमाणसाची झडती बाईनेच घ्यायची असा कायदा आहे, म्हणून जिथे धाड पडेल तिथे तिला आणायचे. घरी तिचा भात शिजायला टाकलेला असायचा, पोर पाळण्यात असायचं, आणि फोन वाजायचा.

"श्रीशैल कुठंय?" पथकाच्या साहेबांनी विचारलं. साहेब लांबच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आले होते.

"भाड्यानं गेलाय. बेळगावकडं."

"भाड्यानं!" साहेब हसले. "मुलगा पुड्या पोचवतो, आणि आईला माहीत नाही?"

बूट, मोबाइल, रात्रीचे फोन, सगळं एकदम महादेवीच्या डोळ्यांपुढे आलं. ती काही बोलायच्या आत पथकाने गिरणी उलथीपालथी करायला घेतली. ओळीने ठेवलेले दळणाचे डबे एकेक करून जमिनीवर रिते झाले. गव्हात ज्वारी, ज्वारीत नाचणी, नाचणीत कुणाची तरी भाजणी.

"लोकांची दळणं हायती हो ती!" तिचा आवाज फुटला. "माझं काय बी करा, लोकांचं अन्न तुडवू नगा."

सापडलं काहीच नाही. साहेबांनी हात झटकले. "चला ठाण्यात. पोरगा हजर झाला की सोडू."

"साहेब, अंधार पडलाय," संयोगिता हळू आवाजात म्हणाली. "लेडीजला आता अटक..."

"अटक कोण करतंय? चौकशीला नेतोय. बस गाडीत."

ठाण्यात आतल्या खोलीत संयोगिताने तिची झडती घेतली. पातळ उतरवलं, झंपर उतरवला. महादेवी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आयुष्यात नवऱ्यासमोरसुद्धा ती दिव्याच्या उजेडात अशी उभी राहिली नव्हती. संयोगिताचे हात थंड होते आणि तीही तिच्याकडे बघत नव्हती. गळ्यातल्या चांदीच्या डबीला तिने बोटही लावलं नाही. महादेवीने पातळ नेसेपर्यंत ती दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि मग बाहेर येऊन म्हणाली, "काय न्हाय साहेब. गळ्यात लिंग हाय फक्त."

"उघडा."

"साहेब, लिंगायताचं..." संयोगिता म्हणाली.

"देवाच्या नावावर लोक काय काय लपवतात ते मला शिकवू नका. उघडा."

साहेब माणसं घेऊन आत शिरले, तशी महादेवीने स्वतःच डबी उघडली. काय वाटलं कुणास ठाऊक, तिला वाटलं एकदा बघतील आणि सोडतील. दिव्याखाली तो काळा, तेलकट चकाकीचा गोटा पाहून साहेब पुढे वाकले. "असला माल मी खूप बघितलाय. हे चरस आहे," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

आणि महादेवीने तेच केलं, जे तिच्या आईने केलं असतं, सासूने केलं असतं, आणि जे कुठल्याही वकिलाने करू नको म्हणून सांगितलं असतं. तिने लिंग डाव्या मुठीत घट्ट धरलं, मूठ पोटाशी घेतली आणि जमिनीवर गुडघ्यात डोकं घालून बसली. "न्हाय देत. जीव गेला तरी न्हाय देत." मग तिच्या अंगावर हात आले. बोटं एकेक करून उलगडणारे, मनगट पिरगाळणारे, पाठीवर, काखेत, छातीवर घाईघाईने फिरणारे पुरुषांचे हात. त्यांतच संयोगिताचेही दोन होते. ती कानाशी सारखं म्हणत होती, "आक्का, द्या की हो. मी लगी परत देतो. आक्का, द्या की."

करंगळी मोडता मोडता राहिली, तेव्हा मूठ उघडली.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, की आरोपी महिलेने अंमली पदार्थ दडवण्याचा प्रयत्न करून पथकाशी झटापट केली.

दुसऱ्या दिवशी श्रीशैल आपण होऊन हजर झाला. आई ठाण्यात बसलीय असं कळलं आणि त्याचं पळणं संपलं. एवढं एक त्याने चांगलं केलं, आणि महादेवीने पुढे ते मनात जपून ठेवलं. ठरल्याप्रमाणे तिला आता सोडायला हवं होतं. ठाण्यातल्या जुन्या माणसांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलंही, की अर्ध्या जिल्ह्याच्या गळ्यात हे असतं, हे चरस नव्हे. साहेबांना ते पटलं. पण बाईला रात्रभर कशासाठी ठेवलं, असं उद्या कुणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं? उत्तर म्हणून तो काळा गोटा कामाला आला. तपासणीला पाठवू, अहवाल येईल तसं बघू. महादेवी मुलाच्या गुन्ह्यात सहआरोपी झाली, आणि जामिनाचा अर्ज आला की समोरचे वकील चष्मा नीट करून तेच एक वाक्य वाचायचे, झटापट केली.

कळंब्याच्या तुरुंगात उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. रोज आंघोळ झाली की ती कोपऱ्यात मांडी घालून बसायची, डावा तळहात समोर धरायची आणि उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्यासारखं करायची. पट्टे लगेच सुकून जायचे.

"रिकाम्या हातावर काय गं बघतीस?" एकीने हसत विचारलं होतं. पुढे पुढे तीच हसणारी बाई त्या वेळेला इतरांना गप्प बसवायला लागली. तिच्या नवऱ्याने माल ठेवायला भाड्याने खोली घेतली होती, तीही बायकोच्या नावावर. "मला वाटलं, मान दिला," ती म्हणायची. बराकीत बहुतेक जणी अशाच होत्या. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची ठेवलेली. त्यांतल्या दोघीतिघींनी पुड्या खरोखर विकल्या होत्या आणि त्या तसं कबूलही करायच्या. बाकीच्या नुसत्या घरी सापडल्या होत्या.

लेक शिवांजली निपाणीला दिलेली. तिच्या सासरच्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला. आईचा फोटो पेपरात आलेल्या सुनेला माहेर कसलं, असं म्हणाले म्हणे.

अखेर अहवाल आला. अंमली पदार्थ नाही. महादेवीला जामीन मिळाला, पुढे तिचं नाव गुन्ह्यातूनही निघालं. पेपरात ते आलं नाही. पेपरात यायला कुणीतरी पकडलेलं लागतं.

बयाबाईने गिरणीचं कुलूप काढून दिलं. त्या संध्याकाळचं मिसळलेलं धान्य तिने पोत्यात भरून ठेवलं होतं, त्याला टोके पडले होते. रस्त्याने बायका काखेत डबे घेऊन जात होत्या. महादेवी दारात दिसली की त्यांची पावलं भराभर पडायची. बयाबाईने मात्र भर दुपारी, सगळ्यांना दिसेल असा आपला डबा आणून गिरणीत आदळला.

"दळून दे."

"न्हाय गं."

"का? माझी ज्वारी तुला चालत न्हाई व्हय?"

"हातावर लिंग न्हाई तंवर मी लोकांच्या अन्नाला कशी शिवू?" महादेवी म्हणाली. "माझ्याच पोटात घास जाईना झालाय."

ते खरं होतं. तुरुंगात जे दिलं ते तिने खाल्लं, कारण तो तुरुंग होता. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे, लिंगाशिवाय घास घशाखाली उतरेना. दूध, केळं, एवढ्यावर ती राहिली होती. रात्री उठून बसायची, पहाटे अंगण दोनदा झाडायची, रिकाम्या गिरणीत फेऱ्या घालायची. जिवाला चैन म्हणून नव्हतं. बयाबाई डबा घेऊन गेली नाही. "आसू दे हितंच. कवा तरी दळशील," म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

मग ठाण्याच्या खेपा सुरू झाल्या. कोर्टात आहे, प्रयोगशाळेत आहे, आवक झालीय पण कारकून रजेवर आहे. शेवटी एकदाचा कोर्टाचा हुकूम हातात पडला, त्या दिवशी मुद्देमालाच्या खोलीत संयोगिता होती.

तिने लाखेचं सील तोडलं, पाकिटातली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली, कात्रीने तिचं तोंड उघडलं आणि टेबलावर ठेवली. पुढे हात घातला नाही. टेबलावरचे कागद बाजूला करून ती दोन पावलं मागे सरकली.

"तुमी घ्या आक्का. मी न्हाई हात लावत."

महादेवीने आधी तिच्याकडे पाहिलं. "त्या दिशी तुला म्हाईत हुतं न्हवं, ह्ये काय हाय ते?"

"व्हय."

"मग?"

"बोललो की आक्का. दोनदा बोललो. तुमी ऐकलासा की." संयोगिताने कात्री मिटून टेबलावर ठेवली. "तिसऱ्यांदा बोलाय पायजे हुतं. घरात लहान पोर हाय, नोकरी माझ्या एकटीचीच..."

महादेवीला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण या पोरीवर तो सगळा बसेना. उरलेला कुणावर काढायचा ते कळेना. तिने पिशवी पालथी केली. आधी डबी पडली, आणि मग लिंग तिच्या डाव्या तळहातावर आलं.

एका बाजूने तपासणीसाठी लेप खरवडून काढला होता. ज्वारीच्या दाण्याएवढी खाच. आत फिकट, करडा गाभा दिसत होता. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि ती टेबलाला धरून खाली बसली. बयाबाई बाहेरून धावत आली. एवढे महिने कोर्टात, ठाण्यात, तुरुंगात ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती आता हमसून हमसून रडत होती.

त्याच संध्याकाळी दोघी मठात गेल्या. सोमशेखर अय्या आता थकले होते. त्यांच्याच वडिलांनी महादेवीला हे लिंग बांधलं होतं. ते तिला महादेवव्वा म्हणायचे. त्यांनी दिव्याजवळ वाकून बघितलं, हात न लावता, आणि डोळे मिटूनच बोलले.

"महादेवव्वा, भंगलेलं लिंग अंगावर ठेवत न्हाईत. पंचगंगेत सोड. सोमवारी ये, मी नवं बांधतो. तुझी काय चूक न्हाई त्यात. मनाला लावून घेऊ नको."

महादेवी मान खाली घालून ऐकत होती. अय्यांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. मग ती बोलायला लागली, आणि बोलताना तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"अय्या, झडती ह्याची एकट्याची न्हाई झाली. माझी बी झाली. त्या खोलीत त्येंनी मला कुटं कुटं हात लावला, त्ये मी अजून कुनाला सांगितलं न्हाई. ह्या बयाला बी न्हाई." तिने तळहात पुढे धरला. "ह्येला एक खाच पडली. मला किती पडल्या त्या मोजाय येत न्हाईत. भंगलेलं पंचगंगेत सोडायचं म्हनता, तर मग मला बी सोडा. दोघांस्नी एकदमच सोडा."

बयाबाईने तोंडाला पदर लावला. अय्यांनी डोळे उघडले. शास्त्र त्यांना माहीत होतं आणि समोरची बाईही माहीत होती. त्यांनी कोनाड्यातून विभूतीची ताटली काढली, जमिनीवर ठेवली आणि हळूच तिच्याकडे सरकवली. वर तिच्या डबीसाठी नवा दोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी महादेवीने आंघोळ केली, त्याच लिंगाची पूजा केली, आणि चुलीपुढे बसून भाकरी आणि आमटी खाल्ली. बयाबाई उंबऱ्यात बसून ती पोटभर जेवते की नाही ते बघत होती आणि उगाच सुनेच्या कागाळ्या सांगत होती. येत्या भेटीला कळंब्याला श्रीशैलकडे जायचं होतं. त्याला खूप काही विचारायचं होतं, आणि काय विचारायचं ते अजून ठरत नव्हतं.

"आता तरी दळनार का?" बयाबाईने डब्यावर हात मारला.

"दगड बोथटलाय. आधी टाकी लावाय पायजे," महादेवी म्हणाली.

तिने गिरणीचा वरचा दगड बयाबाईच्या मदतीने उलटा केला. गिरणीच्या दगडाला छिन्नीने बारीक बारीक खाचा पाडाव्या लागतात, त्यालाच टाकी लावणं म्हणतात. तेवढं केल्याशिवाय धान्य नुसतं घसरतं, पीठ पडत नाही. चन्नाप्पा असताना हे काम तो करायचा, नंतर तिने शिकून घेतलं. ती दगडासमोर मांडी घालून बसली. डाव्या हातात छिन्नी धरली, उजव्यात हातोडी, आणि कडेपासून ठोकायला सुरुवात केली. दगडाची भुकटी उडून तिच्या भुवयांवर बसू लागली. छिन्नी धरलेला डावा हात आता भिरभिरत नव्हता.

आवाज ऐकून रस्त्याने जाणारी एक बाई थांबली. काखेत दळणाचा डबा होता. तिने दारातून आत पाहिलं, डबा या काखेतून त्या काखेत घेतला, काहीतरी विचार केला आणि नव्या वसाहतीच्या दिशेने निघून गेली.

महादेवीने मान वर केली नाही. अर्धा दगड अजून राहिला होता.